नवीन स्विच, मुके फोन : ठाण्यातील एका रुग्णालयातील एलएलडीपी मांडणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या परिसरातील एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाचे आहे. स्विच म्हणजे संगणक, फोन इत्यादी उपकरणांना नेटवर्कमध्ये जोडणारे यंत्र, आणि एलएलडीपी म्हणजे अशा उपकरणांनी शेजारच्या उपकरणाला स्वतःची माहिती कळवण्याची पद्धत. रुग्णालयाची ओळख पटू नये म्हणून मजल्यांचा क्रम, व्हीएलॅनचे (एकाच नेटवर्कच्या आत केलेल्या वेगळ्या आभासी विभागांचे) क्रमांक आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. नेटवर्क सल्लागार म्हणून आम्ही या कामात सहभागी होतो आणि दैनंदिन जबाबदारी रुग्णालयाच्या स्वतःच्या छोट्या आयटी विभागाकडे होती.

इमारतीच्या तळमजल्यावर सर्व्हर रूम आणि मुख्य स्विच, तर प्रत्येक मजल्यावर शाफ्टमधील रॅकमध्ये एक किंवा दोन अॅक्सेस स्विच, अशी रचना होती. वॉर्ड, प्रयोगशाळा, रक्तपेढी, औषध दुकान आणि बिलिंग काउंटर येथे आयपी फोन, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून चालणारे फोन, बसवलेले होते. बहुतेक टेबलांवर भिंतीतील एकच नेटवर्क पॉइंट असल्यामुळे त्या पॉइंटला आधी फोन आणि फोनच्या मागच्या पोर्टला संगणक, अशी जोडणी सर्वत्र होती. संगणकाची माहिती टॅगशिवाय, म्हणजे व्हीएलॅनच्या क्रमांकाची खूण न लावता, डेटा व्हीएलॅन २० मधून आणि फोनचा आवाज टॅगसह व्हॉइस व्हीएलॅन १२० मधून जाणे अपेक्षित होते.

आपल्याला १२० क्रमांकाचा टॅग लावायचा आहे, हे फोनला कोणीतरी सांगावे लागते. जुने स्विच सिस्कोचे होते आणि त्यांवर सिस्को डिस्कव्हरी प्रोटोकॉल, म्हणजे सीडीपी, मुळातच चालू असतो. फोन जोडला की स्विच त्याला व्हॉइस व्हीएलॅनचा क्रमांक कळवत असे आणि फोन आपोआप योग्य जागी जात असे. अनेक वर्षे हे इतके सुरळीत चालले होते की अशी काही देवाणघेवाण होते याची नोंद कोणत्याही कागदावर नव्हती.

नूतनीकरणाच्या पहिल्या टप्प्यात दोन मजल्यांवरील स्विच बदलून दुसऱ्या बनावटीचे स्विच बसवण्यात आले. या स्विचमध्ये सीडीपीऐवजी एलएलडीपी होता. शेजारच्या उपकरणाची ओळख करून घेण्याचे हे खुले मानक आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.१एबी या क्रमांकाने २००५ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे २००९ व २०१६ मध्ये सुधारले. फोनसारख्या उपकरणांसाठी त्याला जोडलेला एलएलडीपी-मेड हा विस्तार २००६ मध्ये टीआयए-१०५७ या नावाने आला. खरेदीच्या कागदपत्रांत ‘एलएलडीपी समर्थन आवश्यक’ अशी ओळ होती आणि स्विच ती अट पूर्ण करत होते. तथापि, ज्या मांडणीसह ते बसवले गेले, तीत एलएलडीपी बंद होता.

अडचण

स्विच बदलण्याचे काम रात्री झाले. सकाळी संगणक व्यवस्थित सुरू झाले, रुग्णालयाची नोंदणी प्रणाली चालू लागली आणि काम यशस्वी झाल्याचे समजून मंडळी घरी गेली. थोड्याच वेळात तिसऱ्या मजल्यावरील मेट्रननी आयटी विभागाला मोबाइलवरून कळवले, “दादा, ब्लड बँकेला फोन लागत नाही, लॅबलाही लागत नाही. शेजारच्या टेबलवरचा फोन मात्र लागतोय.”

शेजारच्या टेबलवरचा फोन चालत होता, या गोष्टीने तपासाची दिशा बराच काळ चुकवली. काही फोन चालू आणि काही बंद असल्यामुळे दोष केबलचा किंवा पॅच पॅनेलचा असावा, असे सगळ्यांना वाटले. पॅच कॉर्ड बदलून पाहिल्या, फोनची अदलाबदल केली, तरी चित्र स्पष्ट होईना. चालू असलेल्या फोनच्या मेनूमध्ये शिरून पाहिल्यावर उलगडा झाला. त्या फोनमध्ये पूर्वी कधीतरी एका तंत्रज्ञाने व्हीएलॅन १२० हा क्रमांक हाताने टाकून ठेवला होता, म्हणून त्याला स्विचकडून काही कळण्याची गरजच नव्हती. बंद पडलेल्या फोनना मात्र सीडीपीचा संदेश येणे थांबले होते आणि एलएलडीपीचा संदेश सुरूच झालेला नव्हता. त्यांनी टॅग न लावता पत्ता मागितला, त्यांना डेटा व्हीएलॅनमधील पत्ता मिळाला आणि तेथून कॉल सर्व्हरपर्यंतचा (सर्व फोनची नोंद ठेवून कॉल जोडणाऱ्या संगणकापर्यंतचा) मार्ग फायरवॉलने, योग्य कारणासाठीच, अडवलेला होता. पडद्यावर दिसत होते ते एवढेच, की नोंदणी होत नाही.

दिवस पावसाळ्याचे होते. स्विच पुरवणाऱ्या कंपनीचा अभियंता महाप्याहून निघाला होता, पण विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचल्यामुळे तो अडकला आणि पुढचे सगळे फोनवरून ठरले. फोन तातडीने चालू होणे महत्त्वाचे असल्याने त्याने सुचवले की अशा पोर्टवरील टॅग नसलेली वाहतूकच व्हीएलॅन १२० मध्ये टाकावी. फोन लगेच चालू झाले. मात्र त्यांच्या मागे जोडलेले संगणकही व्हॉइस व्हीएलॅनमध्ये गेले आणि बिलिंग काउंटरवर डिस्चार्जची बिले निघेनाशी झाली. घरी जाण्यासाठी तयार बसलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक काउंटरसमोर उभे असताना ही उपाययोजना मागे घ्यावी लागली.

विचारात घेतलेले पर्याय

नर्सिंग स्टेशनवर तात्पुरते मोबाइल देऊन आणि अत्यावश्यक ठिकाणच्या मोजक्या फोनमध्ये क्रमांक हाताने टाकून त्या दिवसाची निकड भागवली गेली. कायमच्या उपायासाठी पुढे बैठक झाली आणि तीत चार मार्ग चर्चेत आले.

प्रत्येक फोनमध्ये व्हीएलॅनचा क्रमांक हाताने टाकणे हा पहिला मार्ग आयटी विभागाला सर्वांत जवळचा वाटत होता, कारण त्यात स्विचला हात लावावा लागत नव्हता. पण असा क्रमांक फोनच्या मेनूमध्ये दडून राहतो, फोन फॅक्टरी रीसेट झाला की पुसला जातो आणि उद्या व्हॉइस व्हीएलॅन बदलायचे ठरले तर प्रत्येक टेबलापर्यंत जावे लागते. तिसऱ्या मजल्यावर दिशाभूल करणारा फोन याच पद्धतीतून आलेला होता, हे लक्षात आणून दिल्यावर हा आग्रह मावळला.

दुसरा मार्ग डीएचसीपीचा, म्हणजे उपकरणांना आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या व्यवस्थेचा, होता. फोन आधी डेटा व्हीएलॅनमध्ये पत्ता घेतो, सर्व्हरने पाठवलेल्या एका ऑप्शनमध्ये व्हीएलॅनचा क्रमांक वाचतो, घेतलेला पत्ता सोडतो आणि टॅग लावून पुन्हा पत्ता मागतो. ही पद्धत चालते, परंतु कोणता ऑप्शन वाचायचा हे फोनच्या बनावटीनुसार बदलते आणि येथे दोन बनावटींचे फोन होते. शिवाय प्रत्येक फोन सुरू होताना डेटा व्हीएलॅनमधून जाणार, हे फायरवॉलच्या नियमांच्या दृष्टीनेही सोयीचे नव्हते.

नव्या स्विचवर सीडीपी वापरता येतो का, ही विचारणाही झाली. एका उत्पादकाच्या खाजगी प्रोटोकॉलवर पुन्हा विसंबून राहण्यात अर्थ नव्हता. त्याखेरीज फेब्रुवारी २०२० मध्ये आर्मिस या सुरक्षा संशोधन संस्थेने सीडीपी हाताळणाऱ्या उपकरणांतील पाच त्रुटी जाहीर केल्या होत्या आणि बाधित उपकरणांत आयपी फोनही होते. त्या त्रुटींवर दुरुस्त्या आल्या असल्या तरी शेजाऱ्याचा संदेश वाचणारा प्रोग्राम हासुद्धा हल्ल्याचा मार्ग ठरू शकतो, हा धडा एलएलडीपीलाही तितकाच लागू आहे, आणि पुढील निर्णयांत तो आमच्यासमोर होता.

राहिला एलएलडीपी-मेडचा मार्ग. स्विच, दोन्ही बनावटींचे फोन आणि वायफायचे अॅक्सेस पॉइंट या सर्वांना तो समजत होता, त्यामुळे निवड कठीण नव्हती. खरी चर्चा झाली ती तो कोठे, किती आणि कोणासमोर चालू करायचा यावर.

निर्णयाचे टप्पे

पुरवठादाराच्या अभियंत्याचे म्हणणे होते की संपूर्ण स्विचवर एका आदेशाने एलएलडीपी चालू करावा आणि विषय संपवावा. त्याला उत्तर देण्याऐवजी आम्ही प्रतीक्षा कक्षातील एका भिंतीच्या पॉइंटला लॅपटॉप जोडला, एलएलडीपी तात्पुरता चालू केला आणि वायरशार्क या नेटवर्कवरील माहिती पाहण्याच्या प्रोग्राममध्ये एक फ्रेम, म्हणजे माहितीचे एक पाकीट, पकडून सर्वांना दाखवली. त्या एका फ्रेममध्ये स्विचचे नाव होते आणि नावात मजला व ‘आयसीयू’ हा शब्द होता. स्विचचे मॉडेल होते, फर्मवेअरची (यंत्रातील अंगभूत सॉफ्टवेअरची) आवृत्ती होती आणि व्यवस्थापनासाठीचा आयपी पत्ताही होता. एलएलडीपीच्या फ्रेम कूटबद्ध नसतात आणि पाठवणारा कोण आहे याची खातरजमाही करत नाहीत. ज्या पॉइंटला रुग्णाचा कोणताही नातेवाईक लॅपटॉप लावू शकतो, तेथे ही सर्व माहिती कोणतीही विचारणा न करता बाहेर पडत राहिली असती. बैठकीतील प्रशासकीय अधिकाऱ्यांना प्रोटोकॉलची माहिती नव्हती, पण पडद्यावरचे ते नाव वाचल्यावर प्रत्येक पोर्टचा वेगळा विचार करण्यास त्यांनी मान्यता दिली.

त्यानुसार पोर्टचे वर्ग केले. स्विच-स्विच जोडणाऱ्या पोर्टवर एलएलडीपी पाठवणे व घेणे दोन्ही चालू आणि सर्व माहिती खुली ठेवली, कारण देखभालीच्या वेळी तीच उपयोगी पडते. प्रतीक्षा कक्ष, रुग्णांच्या खोल्या आणि इंटरनेट सेवादाराची जोडणी येथे दोन्ही बंद ठेवले. अनोळखी पोर्टवर ‘फक्त घ्या’ असे ठेवले तर कोण जोडले गेले ते आपल्याला कळेल, असा एक विचार पुढे आला होता. मात्र ज्याच्यावर विश्वास नाही त्याने पाठवलेली फ्रेम स्विचने वाचावीच कशाला, या कारणाने तो बाजूला ठेवला.

फोनच्या पोर्टचा निर्णय सर्वांत जास्त वेळ घेऊन गेला, आणि तसा तो घ्यायलाही हवा होता. सुरक्षेचा विचार करून आयटी विभागातील एका सहकाऱ्याने सुचवले की फोनच्या पोर्टवर स्विचने केवळ पाठवावे, काही घेऊ नये. चाचणीत तसे करून पाहिले असता फोनला व्हीएलॅन मिळाला नाही. याचे कारण मेडच्या रचनेतच आहे. समोर मेड समजणारे उपकरण आहे असे त्या उपकरणाच्या फ्रेमवरून कळेपर्यंत स्विच मेडची माहिती पाठवतच नाही; ऐकणे बंद केले की ती कधीच जात नाही. म्हणून या पोर्टवर दोन्ही दिशा चालू ठेवल्या आणि पाठवायच्या माहितीला कात्री लावली. उपकरणाची ओळख, पोर्टची ओळख आणि माहितीची मुदत हे घटक मानकानुसार अनिवार्य असल्याने ते राहिले. स्विचचे वर्णन, नाव आणि व्यवस्थापनाचा पत्ता वगळला. मेडचे नेटवर्क धोरण चालू केले आणि त्यात व्हीएलॅन १२०, प्राधान्य ५ व डीएससीपी (माहितीच्या पाकिटावरील अग्रक्रमाची खूण) ४६ हे आवाजासाठी रूढ असलेले आकडे दिले.

याच वेळी एक मुद्दा ठामपणे मांडावा लागला. एलएलडीपी-मेड हा सोयीचा मार्ग आहे, प्रवेशावरचे नियंत्रण नव्हे. एखादा लॅपटॉप स्वतःला फोन म्हणवून व्हीएलॅन १२० चा टॅग लावू शकतो आणि स्विचला त्यात वावगे काही दिसणार नाही. त्यामुळे व्हॉइस व्हीएलॅनमधून कॉल सर्व्हर, फोनचा डीएचसीपी आणि फोन-फोनमधील आवाज यांखेरीज कोठेही जाता येणार नाही, असे नियम मुख्य स्विचवर आधी लिहिले आणि एलएलडीपी नंतर चालू केला. हा क्रम महत्त्वाचा होता.

वेळेच्या सेटिंगवर झालेली चर्चा तुलनेने लवकर आटोपली. एलएलडीपीची फ्रेम दर ३० सेकंदांनी जाते आणि गुणक ४ असल्यामुळे शेजाऱ्याची नोंद १२० सेकंद टिकते. फोन लवकर सुरू व्हावेत म्हणून हा काळ ५ सेकंदांवर आणावा, अशी सूचना आली. त्याची गरज नव्हती; मेडचे उपकरण दिसताच स्विच सुरुवातीच्या काही फ्रेम एकेका सेकंदाच्या अंतराने पाठवतो, आणि त्यानंतर ३० सेकंदांचा क्रम पुरेसा असतो. १२० सेकंदांची मुदत मात्र तंत्रज्ञांना समजावून द्यावी लागली. केबल एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टवर हलवल्यानंतर काही स्विचवर जुना शेजारी मुदत संपेपर्यंत यादीत दिसत राहू शकतो आणि ‘हा फोन दोन ठिकाणी कसा’ असा प्रश्न पडतो.

प्रत्यक्ष कार्यवाही

सुरुवात प्रशासकीय कक्षांच्या मजल्यापासून केली, कारण तेथे रात्री फोन बंद राहिला तरी रुग्णसेवेला धक्का लागत नव्हता. फोनची वीज तोडून तो पूर्णपणे नव्याने सुरू होतो का, त्याला १२० मधील पत्ता मिळतो का आणि मागचा संगणक २० मध्येच राहतो का, या तिन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय पुढचा पोर्ट घ्यायचा नाही, असे ठरले होते.

फोन सुरळीत चालू झाले. त्यासोबतच शेजाऱ्यांच्या यादीने इमारतीबद्दल आणखी काही गोष्टी समोर आणल्या. जुन्या रेखाटनानुसार तिसऱ्या मजल्याचा स्विच थेट तळमजल्याच्या मुख्य स्विचला जोडलेला होता. यादीत मात्र त्याचा शेजारी म्हणून दुसऱ्या मजल्याचा स्विच दिसत होता. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे काम करताना तिसरा मजला, आणि त्यावरील आयसीयू, आपसूक बंद पडला असता. त्याच रात्री कामाचा क्रम बदलला आणि शाफ्टमध्ये वापराविना पडलेली एक केबल तपासून तिसऱ्या मजल्याला मुख्य स्विचशी थेट जोडले. माझ्या मते या संपूर्ण कामातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती, आणि ती फोनच्या तक्रारीत कोणी मागितलेली नव्हती.

बिलिंग काउंटरवर एका पोर्टवर तीन शेजारी दिसू लागले. एलएलडीपीच्या फ्रेम ०१-८०-सी२-००-००-०ई या राखीव पत्त्यावर जातात आणि मानक पाळणारा स्विच त्या पुढे पाठवत नाही, त्यामुळे एका पोर्टवर साधारणपणे एकच शेजारी दिसावा. फोनच्या मागे एलएलडीपी बोलणारा संगणक असेल तरच यात अपवाद होतो. तीन दिसतात याचा अर्थ मध्ये काहीतरी आहे. टेबलाखाली वाकून पाहिले तेव्हा फायलींच्या गठ्ठ्यामागे एक छोटा अनमॅनेज्ड (कोणतीही मांडणी करता न येणारा) स्विच सापडला; पॉइंट कमी पडले म्हणून कोणीतरी तो सोयीने लावला होता आणि तो या फ्रेम सर्रास पुढे ढकलत होता. औषध दुकानात याच्या अगदी उलट प्रकार आढळला. तेथील छोटा स्विच फ्रेम अडवत होता, त्यामुळे त्यामागच्या फोनला काहीच ऐकू जात नव्हते. दोन्ही स्विच काढून नवीन पॉइंट ओढण्याचे ठरले. वॉर्डजवळ भिंतीत ड्रिल करण्यासाठी संसर्ग नियंत्रण समितीची परवानगी लागत असल्याने, ती मिळेपर्यंत औषध दुकानातील फोनमध्ये व्हीएलॅन हाताने टाकला आणि तशी चिठ्ठी फोनच्या तळाशी चिकटवली.

वायफायच्या अॅक्सेस पॉइंटबाबतचा लाभ अनपेक्षित होता. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याच्या ८०२.३एएफ मानकात पोर्टकडून १५.४ वॅट मिळतात आणि ८०२.३एटी मध्ये ३० वॅट. नवीन अॅक्सेस पॉइंटना अधिक विजेची गरज होती. मात्र ती गरज ते एलएलडीपीतूनच कळवत होते आणि ते ऐकणारे कोणी नसल्यामुळे कमी क्षमतेवर चालत होते. डॉक्टरांच्या टॅबलेटवर वायफाय मंद चालते, ही तक्रार स्विच बदलल्यानंतरच सुरू झाली होती आणि तिचा फोनशी संबंध असेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते. त्या पोर्टवर विजेसंबंधीची माहिती चालू केल्यावर अॅक्सेस पॉइंट पूर्ण क्षमतेवर आले.

जुन्या स्विचच्या मजल्यांवर काय करायचे, हा शेवटचा प्रश्न होता. तेथे सीडीपी आणि एलएलडीपी दोन्ही चालू ठेवले तर कोणाचे ऐकायचे हे फोनच्या बनावटीवर अवलंबून राहते. ते मजले बदलले जाईपर्यंत फोनच्या पोर्टवर केवळ सीडीपी आणि स्विच-स्विच जोडण्यांवर एलएलडीपी, अशी व्यवस्था केली. त्यामुळे पूर्ण इमारतीचे जोडणीचित्र एकाच प्रोटोकॉलवरून काढता येऊ लागले.

निष्पत्ती

आता नव्या मजल्यांवरील फोन कोणत्याही नेमलेल्या पॉइंटला लावला की स्वतःच योग्य व्हीएलॅनमध्ये जातो. जागा बदलताना परिचारिकांना आयटी विभागाची वाट पाहावी लागत नाही. मेडमधून फोन स्वतःचे मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअर कळवत असल्याने यंत्रांची यादी हाताने लिहिण्याचे काम उरले नाही आणि जुन्या फर्मवेअरचे फोन त्यातूनच ओळखून अद्ययावत केले गेले. हाताने टाकलेले क्रमांकही शोधून काढून टाकले; औषध दुकानातील फोन तेवढा नवीन पॉइंट येईपर्यंत अपवाद राहिला.

वेगळे काय करता आले असते

स्विच बदलल्याच्या रात्री संगणक चालू झाले की काम पूर्ण, हा निकष अपुरा होता. प्रत्येक मजल्यावर एक फोन आणि एक अॅक्सेस पॉइंट वीज तोडून पुन्हा सुरू करून पाहिला असता, तर सकाळची धावपळ झालीच नसती. खरेदीच्या कागदातील ‘समर्थन आवश्यक’ ही ओळही अशीच अपुरी आहे. कोणत्या पोर्टवर, कोणत्या माहितीसह आणि कोणत्या चाचणीने ते सिद्ध करायचे, हे कागदावर असेल तर पुरवठादारालाही नेमके उत्तर द्यावे लागते.

जुने स्विच काढण्यापूर्वी त्यांवरील सीडीपीची शेजाऱ्यांची यादी उतरवून घ्यायला हवी होती, असे मला आग्रहाने वाटते. दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याच्या जोडणीचे सत्य त्या यादीत आधीपासून होते, आणि ते पाहायला एक आदेश पुरेसा होता. पुढील टप्प्याच्या कार्यसूचीत ही यादी उतरवणे आता पहिल्या क्रमांकावर आहे.

८०२.१एक्स वापरून प्रत्येक पोर्टवर उपकरणाची ओळख तपासण्याचा प्रस्ताव अद्याप मंजुरीसाठी आहे. वैद्यकीय उपकरणांपैकी अनेकांना ते जमत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी तजवीज ठरवावी लागेल. तोपर्यंत प्रतीक्षा कक्षातील वापरात नसलेले पॉइंट स्विचवरूनच बंद ठेवले आहेत.